कृपया फुंकर मारू नये

रत्नागिरीत वस्तू जुनी झाली की ती अडगळीत जात नाही, ओटीवर येते. कुठल्याही आळीत कुणाकडेही चहाला बसा. कप अर्धा होण्याच्या आत समोर एखादा अडकित्ता, पानाचा डबा नाहीतर समई येते आणि तिचं वय सांगितलं जातं. वय नेहमी दीडशेच्या वर. शंभर वर्षांची वस्तू आमच्याकडे वापरातली समजतात.

अशा मालकांत घड्याळवाले आहेत, नाणीवाले आहेत, पेशव्यांच्या सनदा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवणारे आहेत. सगळ्यांत दुर्मिळ जात वाद्यवाल्यांची. तिचेही दोन पोटभेद: वाजवणारे आणि जपणारे. वाजवणाऱ्याचं वाद्य त्याच्या खांद्याला असतं, जपणाऱ्याचं कपाटात. आमचे नाना जपणाऱ्यांतले शिरोमणी. त्यांच्याकडे एक जुनी बासरी आहे. बांबूची नव्हे, लाकडाची. हा फरक तुम्ही आपणहून ओळखला नाहीत, तर नाना चहा देतील, पण सोबत बिस्किट येणार नाही.

बासरीचं दर्शन असं उठलं आणि मिळालं, असं होत नाही. आधी वर्दी द्यावी लागते. गेल्यावर हात धुवायचे. पुसायला पंचा नाना स्वतः देतात, कारण आपल्या रुमालावर त्यांचा विश्वास नाही. मग पंखा बंद. मग खिडकी बंद, कारण भाट्याच्या किनाऱ्याकडून येणारा वारा खारा असतो. मग कपाट उघडतं. दाराच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवलेला आहे आणि त्यावर सरकारी वळणाच्या अक्षरात लिहिलंय: 'कृपया फुंकर मारू नये.' बासरीशेजारी अशी पाटी दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं वाटत नाही.

डब्यात मखमल आहे. ती एके काळी निळी होती, असं नाना सांगतात. त्यावर बासरी चार तुकड्यांत निजलेली: एक तोंडाचा तुकडा, दोन मधले, एक शेपटाचा. रंग काळसर तपकिरी. सांध्यांवर मेणवलेला दोरा गुंडाळलेला, कडांना जर्मन सिल्व्हरची वळी. अंगावर बोटांची सहा भोकं आणि त्यांच्या अवतीभवती आठ चाव्या. प्रत्येक चावीला वाटीएवढं नव्हे, मसुरीएवढं झाकण आणि झाकणाखाली चामड्याची टिकली. तोंडाच्या तुकड्यावर झिजलेली इंग्रजी अक्षरं आहेत. त्यातलं 'लंडन' एवढंच भिंगातून वाचता येतं. भिंग नाना देतात. तेही जुनं आहे. त्याचं वय ते वेगळं सांगतात.

यानंतर "ही कुणाची?" असं विचारायचं असतं. विचारलं नाही तर नाना खोकतात.

"थिबाची."

आमच्या गावात जे जुनं आणि वर परकं, ते थिबाचं. इंग्रजांनी 1885 च्या नोव्हेंबरात मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या राजाला गादीवरून उतरवलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 मध्ये तो त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला आणि 1916 च्या डिसेंबरात इथेच वारला. तीस वर्षं पैशाची ओढाताण चालली. घरातलं एकेक किडूकमिडूक बाहेर जात राहिलं. पण ते घेणाऱ्यांच्या नातवंडांनी आज सांगितलेलं सगळं एकत्र मांडलं, तर थिबाला मंडालेहून निघताना आरमारच घेऊन यावं लागलं असतं.

"पण नाना, वर लंडन लिहिलंय."

"मग? राजा होता तो. मागवली असेल."

"ब्रह्मदेशात त्यांची स्वतःची बासरी असते ना?"

"असेल की. तुमच्या परड्यात आंबे आहेत, तरी तुम्ही सफरचंदं आणताच."

नानांशी वाद घालायला जाणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. सगळी नोकरी त्यांनी ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं लिहिण्यात घालवली.

लाकूड कुठलं, हा दुसरा वाद. तो दर मे महिन्यात नव्याने पेटतो, कारण मे महिन्यात घरी पाहुणे असतात. कौलं शाकारायला आलेल्या मिस्त्रींनी बासरी दुरून पाहून "खैर" म्हणून सांगितलं. नाना म्हणाले, खैराचा कात काढतात, बासरी नव्हे. दुसऱ्या मिस्त्रींनी "शिसव" म्हटलं. जावयांनी रक्तचंदन सुचवलं. त्यांना एक रुपयाही खर्च न करता सासऱ्याला खूश करायचं होतं. शेवटी नानांनी जुने इंग्रजी ग्रंथ पालथे घालून निकाल दिला: एकोणिसाव्या शतकातले लंडनचे कारागीर बासरीसाठी वेस्ट इंडिजमधून येणारं 'कोकस' नावाचं लाकूड वापरत. हे त्यांनी मिस्त्रींना मुद्दाम बोलावून सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "कोकम एवढं काळं होत नाही, नाना." तेव्हापासून त्या मिस्त्रींना बोलावणं नाही. स्वयंपाकघरावरचं कौल अजून गळतंय.

नानांचा अभ्यास मात्र खरा आहे. म्युनिकच्या थिओबाल्ड ब्योमचं नाव आळीतल्या पोरांनाही पाठ आहे, कारण क्रिकेटचा चेंडू परत मिळवण्याआधी ते ऐकावं लागतं. या ब्योमने 1832 मध्ये बासरीच्या भोकांची आणि चाव्यांची रचनाच बदलली. 1847 मध्ये त्याने सरळ नळीची धातूची बासरी आणली, आणि आज वाद्यवृंदांत दिसते ती चकचकीत बासरी तिचीच लेक. नव्या बासरीचा आवाज मोठा, सूर पक्के. मग जुन्या लाकडी बासऱ्या हळूहळू विकायला निघाल्या. आयर्लंडातल्या गावोगावच्या वाजवणाऱ्यांनी त्या स्वस्तात उचलल्या, आणि आज जुन्या लंडनी लाकडी बासरीसाठी तिकडचे लोक जीव टाकतात. इथपर्यंत आले की नाना थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "आणि एक इथे आहे."

बांबूविषयी त्यांचं मत स्वच्छ आहे. "बांबू म्हणजे गवत. शास्त्रच सांगतं. उंच वाढलं म्हणून काय झाड झालं?" जानेवारीत राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव असतो. तिथे बासरी असेल त्या रात्री नाना मफलर गुंडाळून पहिल्या रांगेच्या टोकाला बसतात. डोळे मिटत नाहीत, मान हलवत नाहीत. कलाकाराच्या हाताकडे बघत राहतात. कार्यक्रम संपल्यावर गर्दी ओसरू देतात, पुढे होतात आणि विचारतात, "ही किती वर्षांची?" कलाकार दमलेला असतो. तो म्हणतो, "गेल्या वर्षी करून घेतली, काका. आधीची चिरली." नाना घरी येऊन काकूंना सांगतात, "बरा वाजवत होता. पण बासरी कालची."

आळीतल्या पेटीमास्तरांनी एकदा त्यांना कोंडीत पकडलं. मास्तर संगीत नाटकांच्या तालमींत वाढलेले. ते म्हणाले, "नाना, पन्नालाल घोषांपेक्षा मोठा बासरीवाला दाखवा. खेळण्यातली समजली जाणारी बासरी त्यांनी बत्तीस इंचांची केली आणि मैफलीत ख्यालाच्या शेजारी नेऊन बसवली. त्यांनी धातू पाहिला, लाकूडही पाहिलं. शेवटी घेतला बांबूच."

नाना क्षणभरही अडखळले नाहीत. "त्यांच्या हाती ही आली नव्हती."

नानांना निरुत्तर करायला नातच लागली. ती सुट्टीत पुण्याहून येते आणि येताना इंटरनेटवरची सगळी माहिती घेऊन येते. "आजोबा, जर्मनीतल्या एका गुहेत 2008 साली बासरी सापडली. पस्तीस हजार वर्षांपूर्वीची!"

नानांचा चेहरा उतरला. दीडशे आणि पस्तीस हजार, हा फरक ऑडिटमध्येही बसवता आला नसता. त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "कसल्या लाकडाची?"

"लाकडाची नाही. गिधाडाच्या हाडाची."

नाना ताठ बसले. "हाडाची होय? आपल्याकडे नाही चालत."

खरी परीक्षा पावसाळ्याची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला निम्मा दमट होऊन कपाटात शिरतो. आगोटीला घरोघर साटं, पापड, सुक्या लाकडांची बेगमी चालते. नानांची आगोट बासरीची. डब्यात कापूर, कपाटात कडुलिंबाचा पाला. चपलांच्या दुकानदाराशी त्यांचं संधान आहे. नव्या बुटांच्या खोक्यातल्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पांढऱ्या पुड्या तो त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो. बदामाचं तेल आणलं जातं, ते काकूंच्या गुडघ्यांना नव्हे. काकू म्हणतात, "मी लाकडाची असते तर बरं झालं असतं."

एवढं करूनही तोंडाच्या तुकड्यावर एक उभी चीर आहे. नाना तिला चीर म्हणत नाहीत, रेष म्हणतात आणि ती मूळचीच असल्याचं सांगतात. खरं कारण वेगळं. या तुकड्याच्या आत पितळेची नळी बसवलेली असते. लाकूड सुकलं की आवळतं, नळी काही आवळत नाही, आणि मग लाकडाला फाटण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे पावसाने जे केलं नाही, ते पांढऱ्या पुड्यांनी केलं. हे नानांना सांगायची हिंमत आळीत कुणाची नाही.

राहिला प्रश्न वाजवण्याचा. तो कुणी काढलाच तर नानांचं वार्षिक वेळापत्रक तयार असतं. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, लाकूड तडकायची भीती. शिमग्यात ढोलताशांपुढे बासरी कोण ऐकणार? उन्हाळ्यात तोंडाला घाम. मध्ये आठ-दहा दिवस चांगले असतात, पण तेव्हा पितृपक्ष येतो.

अशा या घरात गेल्या वर्षी पुण्याच्या मुलाने हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र पाठवलं. त्याला जाड पिनांचा प्लग, म्हणून वेगळा पॉइंट काढायला एक मुलगा आला. वीसेक वर्षांचा, कानामागे टेस्टर. नमन या कोकणी लोकनाट्याच्या एका मंडळात तो बासरी वाजवतो हे नानांना माहीत नव्हतं. असतं, तर त्यांनी दुसऱ्या वायरमनला बोलावलं असतं.

पॉइंट कपाटाजवळ काढायचा होता. कपाट उघडं होतं. मुलाने पाटी वाचली, डबा पाहिला आणि विचारलं, "नाना, वाजते का?"

नाना काही बोलायच्या आत आतून काकूंचा आवाज आला, "मी या घरात आल्यापासून ऐकलेली नाही."

"फुंकायची नाही, तर मग बासरी कशाला म्हणायचं? दांडकं म्हणा."

नानांना एवढं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. ते तुकडे जोडायला लागले, तेही केवळ ती दांडकं नाही हे सिद्ध करायला. जोडताना हात थरथरत होते. मुलाने ओठ टेकवले, फुंकर घातली. नुसती हवा. पुन्हा घातली. पुन्हा हवा. नानांच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान एकदमच दिसलं.

मुलाने बासरी उजेडाकडे धरून फिरवली. "चामडं सुकलंय. या झाकणांतून गळतेय." आणि त्याने खिशातून इन्सुलेशन टेप काढली.

त्या वेळी नाना जे ओरडले, ते समोरच्या घरी ऐकू गेलं. शेवटी काकूंनी मधला मार्ग काढला. टाचांच्या भेगांसाठी ठेवलेलं मेण त्यांनी वाटीत आणून दिलं. मुलाने बंद राहणाऱ्या झाकणांच्या कडा एकेक करून मेणाने लिंपल्या. ज्या चाव्यांची नावं नाना इंग्रजीत सांगत असत, त्यातल्या बहुतेक पाच मिनिटांत कायमच्या गप्प झाल्या. "नाना, मला सहा भोकं बस झाली. या चाव्या साहेबाला लागत असतील."

मग त्याने वरची तीन भोकं झाकली आणि फुंकर घातली.

सूर आला. जाड, थोडा घोगरा, कडेला हवा असलेला. सहाही झाकली तर खालचा पंचम मिळाला, सगळी उघडली तर तीव्र मध्यम. मुलगा हसायला लागला. कारण ही बोटं त्याचीच होती. ब्योमच्या आधीच्या रचनेच्या या लंडनच्या बासरीवर वरून तीन भोकं झाकून षड्ज धरला, की तिची सप्तकं आपल्या बांबूच्या बासरीच्या बोटांनीच वाजतात. एवढी वर्षं ग्रंथ चाळूनही हे नानांच्या ध्यानात आलं नव्हतं. ग्रंथ चाळायला बोटं लागतात, पण ती वेगळी. मुलाने आधी नमनातल्या गणाची चाल वाजवली, मग भूपाचे चार स्वर. काकू पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. पिठाचे हात तसेच होते. नाना त्यांना हात धुवायला सांगायचे विसरले.

बातमी पेटीमास्तरांना कळायला दहा मिनिटं लागली. ते पेटी घेऊनच आले. साथ करायची म्हणून त्यांनी पांढरी पाच दाबली. बासरी चढी. काळी चार दाबली. बासरी उतरलेली. मास्तरांनी दोन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबून पाहिल्या आणि हात जोडले. "नाना, हा सूर कोकणातल्या बांधासारखा आहे. दोन्ही भाऊ म्हणतात माझा, आणि उभा कुणाच्याच जमिनीत नाही."

पण मास्तरांना कोडं उलगडलं होतं. जगभर आज वाद्यं साधारण 440 कंपनांच्या सुराला लावतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात मात्र सूर चढा ठेवायची रीत होती, 452 च्या आसपास. तिथल्या लष्करी बँडांनी ती विसाव्या शतकातही बराच काळ सोडली नाही. "ही राजाची नव्हे, नाना. ही बँडमधल्या कुणातरी सोजिराची."

सगळे नानांकडे पाहू लागले. थिबाचा प्रश्न असा भरदिवसा कोर्टात उभा राहिला होता. नानांनी डब्याची कडी लावली आणि शांतपणे विचारलं, "सोजिराची असेल. पण सोजीर इथे आले ते पहारा कुणावर ठेवायला?"

मास्तर पेटी उचलून घरी गेले. साथीला मग तानपुरा घेतला. त्याला मात्र कसली अडचण आली नाही. तो कुठल्याही सुरात लावता येतो, बांधावरही.

नानांनी त्याच रात्री पुन्हा ग्रंथ काढले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: वर्षानुवर्षं न वाजलेली लाकडी बासरी एकदम तासभर वाजवू नये, फुटते. सुरुवातीला रोज थोडी मिनिटं, मग हळूहळू वाढवत न्यावं. वाजवून झाल्यावर आतून कापडाने पुसावं. त्यामुळे लाकूड फुंकरीच्या ओलीला सरावतं. हे पान त्यांनी पूर्वीही वाचलेलं असणार, कारण समासात पेन्सिलीची खूण होती. खूण फक्त 'फुटते' या शब्दाखाली होती.

आता त्यांनी एक रजिस्टर घातलं आहे. रकाने पाच: तारीख, वेळ, फुंकरीची मिनिटं, हवेतला दमटपणा, शेरा. मुलगा संध्याकाळी काम आटोपून येतो, हात धुतो, पंचाला पुसतो आणि वाजवतो. वेळ भरली की नाना मनगटावरचं घड्याळ दाखवतात. पाच मिनिटांवरून आता वीस झाली आहेत. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक 'ठीक' असतं, क्वचित 'बरे'. एका दिवशी 'उत्तम' लिहून खोडलेलं आहे. पांढऱ्या पुड्या बंद झाल्यात, बदामाचं तेल थोडं काकूंनाही मिळतं. पाटी काढलेली नाही, फक्त तिच्याखाली पेनने एक ओळ वाढवली आहे: 'परवानगीशिवाय.'

नाना स्वतः अजून वाजवत नाहीत. विचारलं तर हवामान सांगतात.

कधी रत्नागिरीत आलात तर नानांकडे जरूर जा. ती किती वर्षांची, असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर पाऊण तास चालतं. सहाच्या सुमाराला जा. त्या आधी गेलात, तर बासरी नुसती बघायला मिळेल.